गणिती टूलचे वर्णन एआय एजंटसाठी कसे लिहावे?

हिशेबाचे टूल एआय एजंटला जोडून देणाऱ्या डेव्हलपरांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. टूलच्या सगळ्या टेस्ट पास होतात, सूत्र बरोबर आहे, हाताने आकडे घातले की उत्तर पैशापर्यंत जुळते. पण तेच टूल एजंटने चालवले की ग्राहकाला भलताच आकडा मिळतो. असे का? मग सूत्र पुन्हा तपासले जाते, मॉडेल बदलून पाहिले जाते, प्रॉम्प्टमध्ये ‘काळजीपूर्वक हिशेब कर’ अशी ओळ वाढवली जाते. बऱ्याचदा दोष यांपैकी कशातच नसतो. तो टूलच्या वर्णनात असतो, सगळे काम उरकल्यावर शेवटी घाईने लिहिलेल्या त्या एक-दोन ओळींत.

गणिती टूलच्या बाबतीत ही घाई इतर टूलपेक्षा जास्त महाग पडते. हवामान सांगणाऱ्या टूलला अस्तित्वात नसलेले गाव दिले, तर ‘गाव सापडले नाही’ असे उत्तर येते आणि चूक तिथेच कळते. हिशेबाच्या टूलला चुकीच्या एककातला दर दिला तरी आकडा येतोच, दोन दशांश स्थळांसह येतो आणि बरोबर उत्तराइतकाच खात्रीचा दिसतो. म्हणून टूल काय करते एवढे सांगून तुमचे काम संपत नाही. जिथे दोन जाणती माणसे एकाच आकड्याचे दोन अर्थ लावतील, अशी प्रत्येक जागा शोधून तिथे एकच अर्थ पक्का करावा लागतो. पुढचे सगळे या एका मुद्द्यावर उभे आहे.

एजंटला नेमके काय दिसते?

एजंटला तुमचा कोड दिसत नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, आणि इतर कंपन्यांच्या फंक्शन कॉलिंगमध्येही, मॉडेलपुढे मुख्यतः तीन गोष्टी येतात: टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि इनपुटचा स्कीमा. सूत्राशेजारी लिहिलेली कॉमेंट, टीमच्या विकीवरचे पान, टेस्ट फाइलमधली उदाहरणे यांतले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तुमच्या टीममध्ये नवा माणूस आला, तर तो शेजारच्याला ‘दर टक्क्यांत द्यायचा ना?’ असे विचारून घेतो. एजंटजवळ टूलबद्दल विचारायला कोणी नाही. वर्णनात उत्तर नसेल तर तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज दर वेळी एकच असेल याची हमी नाही.

इथे बरेच जण म्हणतात की स्कीमा आहे ना, तो चुकीचे इनपुट अडवेल. स्कीमा आकार तपासतो, अर्थ तपासत नाही. ‘दर’ या पॅरामीटरचा प्रकार ‘नंबर’ लिहिला असेल तर ९ हाही नंबर आहे आणि ०.०९ हाही. दोन्ही बिनतक्रार आत जातात.

एक ईएमआय, पाच उत्तरे

एक साधे टूल घेऊ. त्याचे नाव ‘ईएमआय’ आणि वर्णन ‘कर्जाचा हप्ता काढते’. पॅरामीटर तीन: रक्कम, दर, मुदत. ग्राहक विचारतो, दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता किती? घटत्या शिल्लकेवर, महिन्याच्या शेवटी भरायच्या हप्त्याचे बरोबर उत्तर आहे ८,९९७ रुपये २६ पैसे. आता एजंट कुठे घसरू शकतो ते पाहा. टूलला दर टक्क्यांत हवा असताना त्याने ०.०९ दिला, तर हप्ता येतो सुमारे ४,२०४ रुपये. मुदत महिन्यांत हवी असताना त्याने २० पाठवले, तर हप्ता होतो सुमारे ५४,०३१ रुपये. टूल मुळातच फ्लॅट दराने, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज धरून काढणारे असेल आणि वर्णनात ते लिहिले नसेल, तर उत्तर ११,६६७ रुपयांच्या घरात जाते. आणि टूलच्या पोटात एक्सेलच्या पीएमटी फंक्शनची रीत वापरली असेल, तर उत्तर उणे ८,९९७.२६ असे येते, कारण तिथे हातातून जाणारा पैसा उणे धरतात. या पाचही वेळी सूत्रात एकही चूक झालेली नाही.

यांतले ५४,०३१ कदाचित ग्राहकाच्याच डोळ्यात खुपेल. ४,२०४ खुपणार नाही, उलट त्याला आनंद होईल, आणि खरा धोका तिथेच आहे. ११,६६७ तर पूर्णपणे पटण्यासारखा आकडा आहे. त्यावर माणूस घराचा निर्णय घेऊ शकतो.

आता याच टूलचे नीट वर्णन कसे होईल ते पाहा:

‘घटत्या शिल्लकेवरील कर्जाचा समान मासिक हप्ता काढते. प्रत्येक हप्ता महिन्याच्या शेवटी भरला जातो असे धरते. प्रक्रिया शुल्क, विमा, जीएसटी यात धरलेले नाहीत. फ्लॅट दराच्या कर्जासाठी आणि मुदतीत दर बदलणाऱ्या कर्जासाठी हे टूल वापरू नका. उत्तर धन संख्येत, रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत मिळते.’

आणि पॅरामीटर असे:

- रक्कम_रुपये: मूळ कर्जाची रक्कम. स्वल्पविराम नको, ‘लाख’ हा शब्द नको. दहा लाखांसाठी १००००००.
- वार्षिक_दर_टक्के: वर्षाचा नाममात्र व्याजदर, टक्क्यांत. नऊ टक्क्यांसाठी ९ लिहा, ०.०९ नको. एपीआर देऊ नका.
- मुदत_महिने: पूर्ण महिने. वीस वर्षांसाठी २४०.

पॅरामीटरच्या नावातच एकक घातल्याचा फायदा मोठा आहे. वर्णन लांब असले की त्यातले एखादे वाक्य नजरेआड होऊ शकते. नाव मात्र मॉडेल इनपुट भरताना स्वतः लिहीत असते. ‘मुदत_महिने’ लिहून त्यापुढे २० टाकणे, हे ‘मुदत’ लिहून २० टाकण्यापेक्षा खूपच कमी वेळा होईल. दोन वाक्यांचा खुलासा जे करत नाही ते कधी कधी नावातला एक शब्द करतो.

एपीआरचा उल्लेख मुद्दाम केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि त्यात एपीआर, म्हणजे वार्षिक टक्केवारी दर, छापलेला असतो. त्या आकड्यात व्याजाबरोबर इतर शुल्कही आलेले असते. ग्राहकाने हे पत्रक एजंटला दिले आणि एजंटने त्यातला एपीआर उचलून ‘दर’ म्हणून भरला, तर निघणारा हप्ता खऱ्या हप्त्यापेक्षा जास्त येईल. ‘कोणता दर नको’ हे लिहिल्याशिवाय ही चूक थांबणार नाही.

आपल्याकडची एकके

तुमचे ग्राहक मराठीत बोलत असतील, तर एककांचा प्रश्न आणखी खोल जातो. सराफाच्या दुकानात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. जुन्या मापाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. मॉडेलला दोन्ही अर्थ माहीत असतात. पाच तोळ्यांचे दागिने एका हिशेबाने ५० ग्रॅम होतात आणि दुसऱ्याने ५८.३ ग्रॅम. सोने तारण कर्जाचे टूल असेल तर ‘वजन_ग्रॅम’ हाच पॅरामीटर ठेवा आणि वर्णनात लिहा: ‘वापरकर्त्याने तोळ्यात सांगितल्यास १ तोळा म्हणजे १० ग्रॅम धरा आणि तसे उत्तरात नमूद करा.’

जमिनीचे उदाहरण याहून फसवे आहे. एका एकरात ४० गुंठे. ‘दोन एकर पाच गुंठे’ म्हणजे २.१२५ एकर, पण कागदावर ते अनेकदा २-०५ किंवा २.०५ असे उतरते. दशांश म्हणून वाचले तर २.०५ एकर म्हणजे दोन एकर दोन गुंठे. तीन गुंठ्यांचा, म्हणजे ३,२६७ चौरस फुटांचा फरक पडला. सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण एका हेक्टरात बरोबर १०० आर असतात आणि १.०५ दोन्ही रीतींनी सारखेच वाचले जाते. हेक्टरला चालणारी सवय एकराला लावली की घोळ होतो. यावर माझ्या मते एकच उपाय आहे: एकर आणि गुंठे असे दोन वेगळे पूर्णांकी पॅरामीटर ठेवा, आणि गुंठे ० ते ३९ च्या बाहेर गेले की टूलने नकार द्यावा.

अंक लिहिण्याची पद्धतही सांगून ठेवा. ‘१,५०,०००’ ही आपली मांडणी स्ट्रिंग म्हणून आली, तर पायथॉनचे फ्लोट फंक्शन एरर देते. जावास्क्रिप्टचे पार्सफ्लोट मात्र पहिल्या स्वल्पविरामाशी थांबून निमूटपणे १ परत करते. दीड लाखाचा एक रुपया झाला आणि कुणाला कळलेही नाही. देवनागरी अंकांचेही तसेच: पायथॉन ते वाचतो, जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन वाचत नाही. तुमचे टूल यातले काय स्वीकारते ते एका ओळीत लिहा.

राउंडिंगचा नियम शब्दांत लिहा

‘उत्तर पूर्ण रुपयांत’ एवढे लिहून भागत नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत नेताना पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा. ११२ रुपये ५० पैशांचा कर ११३ रुपये होतो. पायथॉनचे राउंड फंक्शन मात्र अगदी मधोमध आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून तिथे ११२ मिळतात, जावास्क्रिप्टमध्ये ११३. एजंट कधी तुमच्या टूलने तर कधी स्वतः लिहिलेल्या पायथॉन कोडने हिशेब करत असेल, तर एकाच बिलावर दोन आकडे येतील. नियम लिहा, कायद्याचा आधार असेल तर तोही लिहा, आणि राउंडिंग प्रत्येक ओळीवर होते की एकूण बेरजेवर, तेही. या शेवटच्या मुद्द्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते.

याच्याच जोडीला दशांशाचा जुना प्रश्न आहे. आयईईई ७५४ मानकाच्या दुहेरी अचूकतेच्या गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. पैशांचा हिशेब दशांश प्रकारात किंवा पैशांच्या पूर्णांकात होतो की फ्लोटमध्ये, हे वर्णनात असले की एजंट शेपटाचे अंक ग्राहकाला दाखवायचे की नाही हे ठरवू शकतो.

पदावली घेणारे टूल असेल तर

काही टूल एकेक पॅरामीटर न घेता ‘सोडवा’ म्हणून अख्खी पदावली घेतात. इथे मॉडेलने पाहिलेल्या डझनभर भाषांच्या सवयी एकत्र येतात. किमान एवढे स्पष्ट करा:

- घातचिन्ह: टोपीचे चिन्ह (^) एक्सेलमध्ये घात दाखवते, पायथॉनमध्ये ते बिटांची एक्सॉर क्रिया करते. पायथॉनमध्ये २^३ चे उत्तर १ आहे, ८ नाही.
- उणे चिन्ह आणि घात: कंस न घालता लिहिलेला −२ चा वर्ग एक्सेल ४ देते, पायथॉन −४. घातावर घात आला की एक्सेल डावीकडून सोडवते, पायथॉन उजवीकडून. २, ३, २ अशा घातांच्या साखळीचे ६४ की ५१२, हा फरक तिथून येतो.
- लॉग: एक्सेलच्या लॉगचा पाया न दिल्यास १० असतो, पायथॉनच्या मॅथ लायब्ररीत ई. १०० चा लॉग २ की ४.६०५, हे लिहिल्याशिवाय कळत नाही.
- कोन: ३० चा साइन अंशांत ०.५, रेडियनमध्ये −०.९८८.
- बाकी: −७ ला ३ ने भागल्यावर पायथॉन २ देते, जावास्क्रिप्ट −१.

हे सगळे तुमच्या टूलने सोसावेच असे नाही. ‘फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस’ एवढेच स्वीकारणारे टूल अनेक कामांना पुरते, आणि त्याचे वर्णन दोन ओळींत बसते. जे लागत नाही ते काढून टाकणे हा चांगल्या वर्णनाचाच भाग आहे.

चूक झाल्यावर काय सांगायचे

एररचा मजकूर हा वर्णनाचा दुसरा अर्धा भाग आहे, कारण चुकल्यानंतर एजंट तेवढाच वाचतो. ‘अवैध इनपुट’ असे लिहिले तर तो पुन्हा अंदाज बांधेल. त्याऐवजी ‘वार्षिक_दर_टक्के मध्ये ०.०९ मिळाले. हा आकडा टक्क्यांत हवा. नऊ टक्क्यांसाठी ९ द्या. दर खरोखरच १ टक्क्यापेक्षा कमी असल्यास वापरकर्त्याला विचारून खात्री करा,’ असे लिहा. शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर काही एजंट स्वतःच शंभराने गुणून मोकळे होतील.

शून्याने भागाकार, ऋण संख्येचे वर्गमूळ अशा ठिकाणी टूल काय परत करते, हे आधीच सांगा. जेसन मानकात ‘संख्या नाही’ किंवा ‘अनंत’ यांना जागाच नाही; जावास्क्रिप्ट असा निकाल जेसनमध्ये उतरवताना ‘नल’ लिहिते, आणि ‘नल’ पाहून एजंट शून्य धरू शकतो. रिकाम्या उत्तरापेक्षा कारणासह नकार केव्हाही बरा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की मॉडेल आता इतकी हुशार झाली आहेत की संदर्भावरून समजून घेतात. बऱ्याच वेळा घेतातही. पण वर दिलेल्या उदाहरणांत हुशारीचा प्रश्नच नाही. तोळा १० ग्रॅमचा की ११.६६ चा, हे तर्काने ठरत नाही. ते तुमच्या संस्थेने ठरवलेले असते. तुमच्या हप्त्याचे सूत्र फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकेचे, हे जगातला सर्वांत जाणता गणितीही कोड पाहिल्याशिवाय सांगू शकणार नाही. जी माहिती फक्त तुमच्याकडे आहे ती तुम्हीच द्यायला हवी. मॉडेल जितके हुशार, तितका त्याचा अंदाज पटण्याजोगा आणि तितकी चूक पकडायला अवघड.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक टूलचे वर्णन दर संवादात मॉडेलच्या संदर्भात भरले जाते. टोकन खर्च होतात आणि चाळीस टूल असतील तर गर्दीत मॉडेल गोंधळतेही. हे खरे आहे, आणि म्हणूनच काय गाळायचे याची कसोटी हवी. सूत्राची सिद्धता, टूलचा इतिहास, कोणत्या लायब्ररीने लिहिले, आवृत्तीत काय बदलले, हे गाळा. वाक्य काढल्यावर एखादे इनपुट किंवा उत्तराचा अर्थ बदलू शकत असेल तर ते ठेवा. अँथ्रॉपिकच्या डेव्हलपरांसाठीच्या मार्गदर्शनात एका टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहिण्याचा सल्ला आहे. वरचे ईएमआयचे वर्णन पाच वाक्यांचे आहे. चाळीस टूल असतील, तर वर्णने छाटण्याआधी टूलची संख्या कमी करता येते का ते पाहा. फ्लॅट आणि घटत्या शिल्लकेची दोन टूल ठेवलीत, तर प्रत्येकाच्या वर्णनात दुसऱ्याचे नाव घेऊन ‘तसे कर्ज असल्यास ते वापरा’ असे लिहा.

वर्णनाची भाषा

वर्णन मराठीत लिहावे की इंग्रजीत? दोन्ही चालते. देवनागरी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळे अनेक टीम वर्णन इंग्रजीत ठेवतात. तसे केलेत तरी ग्राहकाच्या तोंडचे शब्द त्यात जसेच्या तसे येऊ द्या: हप्ता, मुद्दल, गुंठा, तोळा, शेकडा. पतसंस्थेचा सभासद ‘दोन रुपये शेकडा’ म्हणतो तेव्हा बहुधा दरमहा दोन टक्के असा अर्थ असतो. वार्षिक दर मागणाऱ्या टूलला तिथे २ दिले, तर व्याज बारा पटींनी कमी धरले जाईल.

तपासायचे कसे

तुमचा कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त नाव, वर्णन आणि स्कीमा छापून द्या. ग्राहकाच्या भाषेतले प्रश्न देऊन इनपुट हाताने भरायला सांगा. तो जिथे थांबेल किंवा तुम्हाला विचारेल, तिथे एजंट अंदाज बांधणार आहे. मग तेच प्रश्न एजंटला वेगवेगळ्या शब्दांत घाला आणि त्याने टूलला नेमके काय पाठवले ते लॉगमध्ये वाचा. अंतिम उत्तर बरोबर दिसले म्हणून थांबू नका. चुकीच्या इनपुटमधूनही कधी कधी योगायोगाने पटणारा आकडा निघतो.

ग्राहकाला काय दिसावे

टूलने नुसता आकडा परत करू नये. हप्त्याबरोबर ‘घटती शिल्लक, वार्षिक ९ टक्के, २४० महिने, शुल्क वगळून’ हेही उत्तरात परत द्या आणि वर्णनात लिहा की ही गृहीतके ग्राहकाला दाखवायची आहेत. ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्याला आपला हिशेब कशावर उभा आहे हे कळण्याचा हक्क आहे. आणि चुकीचा दर गेला असेल तर तो पकडणारा शेवटचा माणूसही तोच असतो.

नवे टूल जोडण्याआधी, चालू असलेल्या टूलचे वर्णन आज उघडा आणि प्रत्येक आकडी पॅरामीटरच्या नावात एकक व त्यापुढे एक उदाहरण लिहून टाका.